आधी मल्हारची शाळा, मग घर

बढतीची यादी लागली आणि माझ्या नावापुढे मुंबई आलं, तेव्हा रत्नागिरीत भेटेल तो घराचं विचारायचा. कुठे राहणार, बँक भाडं किती देते, लोकलने किती वेळ लागेल. आमच्या घरात तो विषय कितीतरी दिवस निघालाच नाही. मल्हार तेव्हा साडेसात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होता. त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण बहुतेक वेळा ऐकलेलंच परत बोलतो. हवं ते मागायला त्याला चित्रं लागतात आणि ठरलेलं अचानक बदललं की सावरायला फार वेळ लागतो. निदान झाल्यापासून त्याच्याभोवती मोजकी माणसं जमली होती: वर्गशिक्षिका, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका, स्पीच थेरपीच्या मॅडम आणि माझी आई. यांतली आई तेवढी आमच्याबरोबर येणार होती. बाकीच्यांच्या जागी मुंबईत कोण, हे कळल्याशिवाय घर बघण्यात अर्थ नव्हता.

बदली टाळता आली असती का, असं पुष्कळांनी विचारलं. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने २०१४ मध्ये आदेश काढला आहे: दिव्यांग पाल्याचा मुख्य सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मागता येते. ऑटिझमचा समावेश त्यात मागाहून झाला. आमच्या बँकेच्या धोरणातही तशी तरतूद आहे. मी अर्ज केला, पण बदली रद्द करून घेण्यासाठी नाही. मल्हारला ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या थेरपीची, गरज होती आणि ती त्याला गावात नियमित मिळत नव्हती. मुंबईत मिळेल अशी आशा होती. म्हणून अर्जात दोनच गोष्टी मागितल्या. मुंबईतली शाखा ठरवताना मुलाच्या शाळेचा विचार व्हावा आणि घरच्यांना हलवायला शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुदत मिळावी. मल्हारच्या दिव्यांग प्रमाणपत्राची आणि आदेशाची प्रत सोबत जोडली. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. सरकारी किंवा बँकेच्या नोकरीतल्या पालकांनी हा आदेश स्वतः वाचून, त्याची प्रत हातात घेऊनच साहेबांसमोर जावं. तो समोरच्याला माहीत असेलच असं नाही.

कागद रत्नागिरीतच पुरे केले. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून मिळालेलं कार्ड मुंबईतही तेवढंच खरं. ऑटिझमची टक्केवारी 'इसा' नावाच्या भारतीय मोजपट्टीवरून ठरते. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि ते मुलाला बघून व आईवडिलांशी बोलून भरले जातात. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी लागू होतात. लहान मुलांच्या प्रमाणपत्राला बहुधा मुदत असते. ती लवकर संपणार असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करून घ्यावं, कारण ओळखीच्या रुग्णालयात, ओळखीच्या डॉक्टरांसमोर मूल शांत असतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचं दर वर्षीचं नूतनीकरणही उरकून टाकलं. त्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचा थोडा भाग परत मिळतो. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांग पाल्याच्या खर्चापोटी ७५ हजारांची वजावट मिळते आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. ऑटिझमसाठी त्याला वेगळा फॉर्म लागतो. मुंबईतला खर्च वाढणार होता, तेव्हा ही वजावट सोडण्यासारखी नव्हती. शाळेचा दाखला घेताना यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, त्याची विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून नोंद आहे ना, हे मुख्याध्यापकांकडून बघून घेतलं. नव्या शाळेला ती नोंद दिसते.

पण खरं उपयोगी पडलं ते वेगळंच. विशेष शिक्षिकांनी मल्हारबद्दल दोन पानं लिहून दिली, साध्या मराठीत. त्याला काय येतं, पहिल्यांदा. शंभरपर्यंत अंक ओळखतो, नकाशा वाचतो, स्वतःचं ताट धुतो. मग तो काय सांगू शकत नाही आणि ते कसं ओळखायचं: शू लागली की उजवा कान ओढतो, भूक लागली की दारापाशी जाऊन उभा राहतो. चिडला तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, म्हणजे हात धरायचा नाही, समोर उभं राहून समजावायचं नाही, बाजूला बसून त्याच्या वहीत आगगाडी काढायची. जाड रिपोर्टांच्या फायलीत मल्हारचे गुण होते, तक्ते होते. या दोन पानांत मल्हार होता. मुंबईत ज्यांनी ज्यांनी ती पानं आमच्यासमोर बसून वाचली, त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं गेलं. ज्यांनी ती बाजूला सारून थेट फीचा कागद पुढे केला, तिथे आम्ही परत गेलो नाही.

माझी बायको मीनल हिने फोनवर छोटे व्हिडिओही काढून ठेवले होते: जेवताना, शाळेत गोलात बसल्यावर, अंगणात खेळताना आणि एक तो खूप अस्वस्थ झाला होता तेव्हाचा. तो शेवटचा कुणालाही पाठवायचा नाही, फक्त समोर बसून दाखवायचा, हे आम्ही ठरवलं. आपल्या मुलाचा सगळ्यांत कठीण क्षण कुणाच्या तरी फोनमध्ये फिरावा, हे बरोबर नाही. लांबून शोधताना व्हिडिओ फार मदत करतात. नव्या जागी नव्या माणसासमोर मूल तासाभरात जे दाखवतं, ते त्याचं खरं वागणं नसतं.

मग फोन सुरू केले. मुंबईत काय काय आहे हे ऐकून सुरुवातीला हरखायला होतं. शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चालते. एका आईवडिलांनी स्वतःच्या मुलीसाठी तिची सुरुवात केली होती. वांद्रे रेक्लमेशनला पूर्वीची स्पास्टिक्स सोसायटी, आताची 'अडॅप्ट', १९७२ पासूनची. तिचं मूळ काम सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांचं, पण सर्वसमावेशक शिक्षणाचा आग्रह आपल्याकडे रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. चिंचपोकळी-लोअर परळ भागात 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलं. वांद्र्यालाच अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा आणि श्रवण दोषांसाठीची संस्था आहे, हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, परळला वाडिया मुलांचं रुग्णालय. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांशी जोडलेली ऑक्युपेशनल थेरपीची महाविद्यालयं आहेत, त्यामुळे तिथे केसपेपर काढून नाममात्र पैशांत थेरपी मिळू शकते. आणि 'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांनीच उभा केलेला गट आहे. ज्या मुलांची आता दाढीमिशी फुटली आहे त्यांचे आईवडील तिथे भेटतात, आणि त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

एवढी नावं हाताशी असूनही मल्हारसाठी जागा मात्र सहज नव्हती. जिथे फोन करावा तिथे नंबर लावा, असेसमेंटला अमुक महिने लागतील, असं उत्तर. म्हणून बदलीची तारीख पक्की व्हायची वाट न बघता आम्ही तीन-चार ठिकाणी नाव घालून टाकलं. नंबर लागेपर्यंत आपण मुंबईत पोचलेलो असू, असा हिशोब. हा हिशोब बरोबर ठरला. खाजगी केंद्रांत जागा लवकर मिळते, पण पाऊण तासाच्या एका सेशनचे हजार-बाराशे रुपये सांगत होते, आणि आठवड्याला चार-पाच सेशन लागतील हे बोलणं फोनवरच, मुलाला न बघता. सरकारी ठिकाणी पैसे नाममात्र, पण शिकाऊ विद्यार्थी पाळीपाळीने बदलतात. माणूस ओळखायला ज्याला दोन महिने लागतात, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. तिथल्या एका वरिष्ठ मॅडमनी मात्र फोनवर छान सुचवलं: महिन्यातून एकदा इथे दाखवा, घरी काय करायचं ते मी तुम्हाला शिकवते, रोजचं तुम्ही करा. ही वाट आम्हाला पटली.

माणसांची पात्रता तपासायची सोय आहे, ती वापरावी. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची (आरसीआय) नोंदणी लागते, त्याचा कायदा १९९२ चा आहे. नोंदणी क्रमांक मागितला की देतात आणि तो ऑनलाइन पडताळता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी मात्र राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे असते, तेव्हा त्यांच्याकडे आरसीआय क्रमांक नाही म्हणून शंका घेऊ नये. एका उपनगरातल्या केंद्राने सहा महिन्यांत मूल 'नॉर्मल' बोलायला लागेल असं सांगितलं आणि नोंदणीचं विचारताच विषय बदलला. दुसरीकडे स्टेम सेल उपचारांचा सल्ला मिळाला, लाखांत खर्च. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही. हताश आईवडिलांना असं काही विकलं जातं याचा मला फार राग येतो. आपल्याला हे माहीत आहे, म्हणून बोलायला हवं.

शाळेचा प्रश्न याहून अवघड होता. विशेष शाळा की नेहमीची? मल्हार गावात नेहमीच्या शाळेत होता, तिथली मुलं त्याला ओळखत होती, गाभुळलेल्या चिंचा आणून द्यायची. नेहमीची शाळाच मिळाली तर बरं, पण नाही जमलं तर विशेष शाळा बघायची, आणि त्यात कमीपणा काही नाही, असं आम्ही दोघांनी बोलून ठेवलं. पुढे गरज पडली तर एनआयओएसची, म्हणजे मुक्त विद्यालयाची, दहावीही आहेच.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या कायद्यात ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांतही दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, पण तो प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीला, म्हणजे पूर्वप्राथमिकला किंवा पहिलीलाच असतो. तिसरीत जाणाऱ्या मल्हारला त्याचा उपयोग नव्हता. ज्यांची मुलं चार-पाच वर्षांची आहेत त्यांनी हे आत्ताच बघावं. विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि पुढे अशा पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलं आहे. ते कागदावर आहे. शाळेत गेल्यावर बाई प्रत्यक्ष आहेत का आणि किती वेळ आहेत, हे विचारावं लागतं.

एका मोठ्या खाजगी शाळेत आम्हाला वेळ देऊन बोलावलं. इमारत देखणी, स्वागताला फुलं. मल्हारचं नाव लिहिण्याआधीच, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्याजवळ बसून मदत करणारी बाई, तुमच्या खर्चाने आणावी लागेल, असं सांगितलं. महिना वीस हजारांच्या आसपास. ते देऊही, पण ती व्यक्ती कोण, तिचं प्रशिक्षण काय, ती आजारी पडली तर काय, यावर शाळेचं म्हणणं एकच: तो तुमचा प्रश्न. नंतर कळवतो म्हणाले. कळवलं ते 'आमच्याकडे या प्रकारच्या मुलांची सोय नाही' असं, आणि तेही तोंडी. मी ते लेखी मागितलं. लेखी काही आलं नाही. नकार लेखी मागावा, एवढं मी आवर्जून सांगतो. लेखी नकार द्यायला शाळा कचरतात, कारण कायदा त्यांनाही माहीत असतो, आणि काही वेळा तेवढ्यावरच बोलणं पुन्हा सुरू होतं. आमचं झालं नाही, कारण आम्हीच पुढे पाठपुरावा केला नाही. ज्या शाळेला आपलं मूल नको आहे, तिथे कायद्याने बसवून मल्हारला काय मिळणार होतं?

वळण मिळालं ते आत्यामुळे. आत्या लालबागच्या चाळीत पन्नासेक वर्षं राहते. ती म्हणाली, "अरे, तुम्ही इंग्रजी शाळांच्या मागे का लागलात? आपल्या मराठी शाळांतून आता वर्गात मुलं किती आहेत बघ जरा जाऊन." परळ, दादर, माहीम, गिरगाव या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या जुन्या अनुदानित शाळा आहेत. एकेकाळी तुकड्यांवर तुकड्या असायच्या, आता पटसंख्या घसरली आहे. मराठी माणूस म्हणून याचं वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. पण आठ वर्षांच्या, गर्दीत कासावीस होणाऱ्या मुलाच्या बाजूने बघितलं तर वीसेक मुलांचा वर्ग, त्याची स्वतःची भाषा, उंच छताची हवेशीर खोली आणि अनुभवी बाई, हे सगळं तिथे होतं. मी गुपचूप मनात नोंद केली आणि जानेवारीत रजा टाकून आम्ही मल्हारसकट मुंबईला आलो. शाळा चालू असतानाच बघायची, सुट्टीत रिकामी इमारत बघून काही कळत नाही.

रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरलो. मल्हारला रेल्वे प्राणप्रिय. लोकलमधली 'पुढील स्टेशन' ही घोषणा त्याने एका दिवसात तिन्ही भाषांत पाठ केली. त्या दिवसांत आम्ही एक गोष्ट ठरवून केली: जिथे राहायचा विचार होता तिथून शाळेपर्यंत, शाळेच्या वेळेला, त्याला घेऊन प्रवास. डोंबिवलीला मीनलची बहीण राहते, घर मोठं मिळालं असतं, आधारही. सकाळची गाडी पकडली. सुरुवातीला तो खुशीत होता, डब्यातल्या इंडिकेटरवरची नावं वाचत होता. ठाण्यानंतर गर्दी एवढी झाली की त्याला इंडिकेटर दिसेना. पुढचं स्टेशन कळेनासं झालं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. कुर्ल्याला कसेबसे उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर गाड्या मोजत बसलो, तो पुन्हा बोलू लागेपर्यंत. दिव्यांगांच्या डब्याचाही अनुभव घेतला. धडधाकट दिसणारा मुलगा बघून लोक विचारतात, तेव्हा यूडीआयडी कार्ड त्याच्या गळ्यात ठेवलं. कुणी भांडलं नाही, एका काठीवाल्या काकांनी तर खिडकी दिली. पण रोज दोन वेळा हे त्याच्याकडून करवणं बरोबर नव्हतं. डोंबिवली, कल्याण, बोरिवली, वसई ही सगळी नावं त्या दिवशी आमच्या यादीतून गेली. बँकेचं क्वार्टर नवी मुंबईत मिळत होतं, तेही नाकारलं. शाळेपासून चालत पंधरा-वीस मिनिटांत जे काही लहानसं मिळेल ते घ्यायचं, असं ठरलं.

मुंबईत हा प्रश्न प्रवासाने ठरतो. नामांकित केंद्र दोन गाड्या बदलून गाठायचं असेल तर मूल तिथे पोचेपर्यंत दमलेलं, बावरलेलं असतं, आणि सर्वोत्तम थेरपिस्टच्या हातीही त्याची उरलेली शक्तीच येते. रविवारी नकाशावर जवळ दिसणारी जागा सोमवारी सकाळी जवळ नसते.

शाळा बघताना आम्ही सोयींची यादी विचारणं सोडून दिलं. रिसोर्स रूम, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांसाठी वेगळी खोली, आहे का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि कधी कधी ती खोली कुलपात असते. त्याऐवजी विचारायचो: मधल्या सुट्टीत तो कुठे असेल? वर्ग शिकवताना ठीक असतो, घात होतो तो मधल्या सुट्टीत, घंटेच्या आवाजात, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, बाई रजेवर असल्या की. एका शाळेत मुख्याध्यापक बाईंना हे विचारलं तर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मल्हारचे बाबा, मला आत्ता उत्तर नाही देता येणार. तुम्ही मधल्या सुट्टीपर्यंत थांबा, आपण दोघं मिळून बघू." आणि खरंच थांबवून घेतलं. घंटा झाली, पोरं मैदानात धावली, मल्हारने डोकं खाली घातलं. बाईंनी त्याला न ओढता वाचनालयाचं दार उघडं ठेवलं. तो थोड्या वेळाने स्वतःहून आत गेला आणि भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात रत्नागिरी शोधून बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "चला, जागा तर त्यानेच निवडली." आम्ही शाळा तिथे ठरवली. तिथे विशेष शिक्षिका पूर्णवेळ नाहीत, आठवड्यातून ठरावीक दिवस येतात आणि बाकीच्या शाळाही बघतात. हे बाईंनी आधीच स्वच्छ सांगितलं. सुरुवातीचे काही आठवडे मीनलने वर्गाबाहेर बसावं, मग हळूहळू शाळेतल्या मावशींवर सोपवावं, असं ठरलं.

त्याच भेटीत एक विशेष शाळाही पाहिली आणि मनात घर करून राहिली. प्रत्येक मुलाच्या बाकावर त्याच्या दिवसाची चित्रं, काम झालं की मूल ते चित्र काढून डबीत टाकतं. कुणी कुणावर आवाज चढवत नव्हतं. आमचं नेहमीच्या शाळेत जमलं नसतं तर मी मल्हारला तिथे निश्चिंतपणे दिलं असतं. जय वकीलमध्ये तयार झालेला 'दिशा' हा अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांमध्ये वापरला जातो, त्यामुळे गावाकडच्या विशेष शाळेतून येणाऱ्या मुलाला सगळंच नव्याने सुरू करावं लागत नाही. हे बदलीवाल्या पालकांना कुणी सांगत नाही.

थेरपीच्या भाषेवरून मात्र बरीच ओढाताण झाली. दोन ठिकाणी सांगितलं की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, मुलाला गोंधळ होतो. मल्हारची आजी त्याच्याशी संगमेश्वरी, म्हणजे आमच्याकडची मराठी बोली, बोलते. झोपताना तिने सांगितलेल्या गोष्टीतलीच वाक्यं तो दिवसभर म्हणत असतो. ती बंद करायची? दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि घरच्या भाषेपासून तोडलं तर मूल घरातच एकटं पडतं. आम्ही मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळेपर्यंत शोधलं. चित्रांच्या तक्त्यांऐवजी आता तो टॅबवर 'जेलो' वापरतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं हे ॲप फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. 'मला पाणी हवं' हे टॅब मराठीत म्हणतो आणि मग तोही म्हणतो.

परत गेल्यावर त्याची तयारी सुरू केली. मीनलने फोटोंचं पुस्तक बनवलं: हे आपलं घर, ही गाडी, हे मुंबईतलं घर, ही शाळा, या बाई, हे वाचनालय, आणि शेवटच्या पानावर पुन्हा रत्नागिरीचं घर, गणपतीला आपण इथे येणार. शेवटचं पान त्याला फार लागायचं. बघून झालं की पुस्तक मिटायचा. जुन्या आणि नव्या विशेष शिक्षिकांचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दिलं. अशी सुपूर्दगी शाळांच्या नियमांत कुठेच नाही, दोघींनी आपुलकीने वेळ काढला. त्यातूनच नव्या बाईंना कान ओढण्याचा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता.

मी एप्रिलमध्ये एकटा रुजू झालो आणि आत्याकडे राहून परळमध्ये घर शोधलं. एक बेडरूम, चौथा मजला, लिफ्ट जुनी, पण खिडकीतून रेल्वे दिसते. बाकी सगळे मेच्या सुरुवातीला आले. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदम सुरू होतात. त्याआधी त्याला रस्ता, घर, दुकानं ओळखीची व्हावीत म्हणून मधले आठवडे मोकळे ठेवले होते. रोज संध्याकाळी आजी त्याला शाळेच्या बंद फाटकापर्यंत नेऊन आणायची. तिचीही तेवढीच ओळख झाली. आता भाजीवाला तिला 'मल्हारची आजी' म्हणून हाक मारतो.

शाळा सुरू झाली. पहिला महिना कठीण गेला, विशेषतः मुसळधार पावसात, पत्र्यावरच्या आवाजाने. बाईंनी त्याला खिडकीपासून लांबची जागा दिली. मीनल आता वर्गाबाहेर बसत नाही. ऑक्युपेशनल थेरपी महिन्यातून एकदा रुग्णालयात आणि रोज घरी चालू आहे. खाजगी केंद्रातली स्पीच थेरपी आठवड्याला दोनदा, एवढीच परवडते. ज्या केंद्रात असेसमेंटसाठी रत्नागिरीतून नाव घातलं होतं, तिथून गेल्या महिन्यात फोन आला. श्रावणात तारीख आहे. ती दोन पानं मीनलने पुन्हा लिहायला घेतली आहेत, कारण मल्हारला आता बरंच काही नवीन येतं. भूक लागली तर तो आता दारापाशी जात नाही, टॅब आणून देतो.